मनाची ग्वाही : तुकारामांच्या अभंगांतील अंतर्भाषण

मनातल्या मनात बोलणे ही क्रिया मराठी समीक्षेने बहुधा भावनेच्या खात्यावर टाकली आहे. स्वगत, आत्मनिवेदन, आत्माविष्कार या संज्ञांमागे एक समान गृहीतक असते : अनुभव आधी सिद्ध होतो आणि शब्द तो नंतर प्रकट करतात. तुकारामांच्या अभंगांसमोर हे गृहीतक कितपत टिकते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

अंतर्भाषणाची विचारप्रक्रियेतील भूमिका लेव्ह विगोत्स्की यांनी ‘विचार आणि भाषा’ (१९३४) या ग्रंथात मांडली. लहान मूल खेळताना स्वतःशी मोठ्याने बोलते. या बोलण्याला पियाजे यांनी आत्मकेंद्री म्हटले आणि वयाबरोबर ते लोपते, असे मानले. विगोत्स्की यांच्या मते ते लोपत नाही, आत वळते. चित्र काढणाऱ्या मुलाला हवी ती पेन्सिल मिळू दिली नाही की हे बोलणे वाढते. भोवती आपले बोलणे समजणारे कोणी नसले की ते घटते. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. स्वतःशी बोलणे हे अडचणीतून वाट काढण्याचे साधन होय. आणि त्याचे मूळ इतरांशी होणाऱ्या बोलण्यात असते.

तुकारामांचा वृक्षवल्लींवरील अभंग निसर्गप्रेमाचा दाखला म्हणून नेहमी उद्धृत होतो. मावळातील भंडारा डोंगरावरील एकांताशी परंपरेने तुकारामांचे नाव जोडलेले असल्याने हे वाचन अधिकच दृढ झाले आहे. मात्र त्याच्या अखेरीस येणाऱ्या ‘संवाद’ आणि ‘वाद’ या दोन शब्दांकडे क्वचितच लक्ष जाते. मनाशी संवाद घडतो, एवढेच तेथे म्हटलेले नाही. स्वतःचा स्वतःशी वादही चालतो. वाद प्रश्न अनिर्णित असतानाच संभवतो. तेव्हा येथील एकांत हा शांतीचा नव्हे, विचाराच्या श्रमाचा एकांत आहे.

तो प्रश्न कोणता, याचे उत्तर त्यांच्या आत्मचरित्रपर अभंगात मिळते. दुष्काळाने द्रव्य आणि मान गेला, पत्नी अन्नावाचून गेली, व्यवसाय तुटीत आला, जगण्याची लाज वाटू लागली. या कोंडीतून देवालयाचा जीर्णोद्धार, कीर्तन, संतवचनांचे पाठांतर असा मार्ग एकेका पायरीने निघत जातो. या क्रमात खऱ्याखोट्याचा निवाडा करताना आपण मनाची ‘ग्वाही’ घेतली, बहुमताला मानले नाही, असे तुकाराम सांगतात. ‘वाद’ आणि ‘ग्वाही’ हे दोन्ही शब्द निवाड्याच्या व्यवहारातले आहेत. बाहेरच्या बहुमताला नाकारणारे मनही वादी-साक्षीदारांच्या सामाजिक भाषेतच विचार करते. अंतर्भाषणाचे मूळ समाजात असते, हे विगोत्स्की यांचे प्रतिपादन येथे प्रत्ययास येते. त्याचबरोबर, समाजाकडून आलेली भाषा समाजाविरुद्ध निर्णय घेण्यास कशी उपयोगी पडते, हेही दिसते.

रामदासांच्या ‘मनाच्या श्लोकां’शी तुलना केल्यास हा विशेष स्पष्ट होतो. तेथे २०५ श्लोकांतून मनालाच संबोधन आहे. परंतु मन तेथे ऐकते, उत्तर देत नाही. मार्ग आधीच ठरलेला असून बोलणे त्या मार्गावर मनाला वळवण्यासाठी आहे. अंतर्भाषणाचे हे नियमनाचे कार्यही महत्त्वाचेच. मात्र ते शोधाचे कार्य नव्हे. तुकारामांचे मन प्रतिपक्ष होते आणि साक्षीदारही होते.

अर्थात अभंग म्हणजे प्रत्यक्ष अंतर्भाषण नव्हे. विगोत्स्की यांनी वर्णिलेले अंतर्भाषण त्रोटक, कर्त्याचा उल्लेख गाळणारे, इतरांस दुर्बोध असे असते. अभंग हा छंदोबद्ध आणि कीर्तनात गायिला जाणारा प्रकार आहे. आत्मचरित्रपर अभंगही संतांनी विचारले म्हणून सांगितलेला आहे. ‘तुका म्हणे’ या नाममुद्रेत कवी स्वतःकडे तृतीय पुरुषी पाहतो, हे खरे. पण ती मुद्रा संतपरंपरेचा सर्वसामान्य संकेत असल्याने तिच्यावर मानसशास्त्रीय अर्थाचा फार भार टाकता येणार नाही. अभंगात उरतो तो आतल्या वादाचा श्रोत्यांसाठी पुन्हा उच्चारलेला वृत्तांत.

या मर्यादेसह एवढे निश्चित म्हणता येते की, तुकारामांच्या मनाशी होणाऱ्या बोलण्याला केवळ भावनोत्कट म्हणणे म्हणजे त्यांच्या विचारकर्तृत्वाला नाकारणे होय. हिशेबाच्या आणि तंट्याच्या भाषेत वाढलेल्या एका वाण्याने तीच भाषा आत वळवून आपला निवाडा आपण केला. त्यांच्या कवितेला आत्मनिष्ठ म्हणायचे तर ते या अर्थाने.