उंबरठ्यावरची मायाविनी : येट्सच्या लघुनाटकांतील स्त्रीसामर्थ्य

डब्ल्यू. बी. येट्सच्या लघुनाटकांतील मायावी स्त्रियांचे आकर्षण त्यांच्या अमानुष सामर्थ्यात शोधले जाणे स्वाभाविक आहे. परंतु हे सामर्थ्य रंगभूमीवर सिद्ध होते ते एकांकी रूपबंधाच्या आश्रयाने. दीर्घ नाटकात पात्राला पूर्वेतिहास चिकटतो, त्याच्या हेतूंची छाननी होते. मायाविनी मात्र येते, हाक घालते आणि निघून जाते. तिला जाब विचारण्यास नाटकाला अवसरच नसतो.

लेडी ग्रेगरी यांच्या सहकार्याने लिहिलेल्या 'कॅथलीन नी हूलिहान'मध्ये (प्रथम प्रयोग १९०२) १७९८ सालचे किलालाजवळचे एक शेतकरी घर आहे. मायकेलचे लग्न दुसऱ्या दिवसावर आले आहे. हुंड्याचे शंभर पौंड घरात आले आहेत. दाराशी आलेल्या वृद्धेला शिलिंग नको, सर्वस्व हवे. तिचे तरुणीत झालेले रूपांतर प्रेक्षकाला दिसत नाही. धाकट्या पॅट्रिकच्या तोंडून ते केवळ कळते. दाखवला असता तर हा चमत्कार रंगयुक्ती ठरला असता. सांगितल्यामुळे तो श्रद्धेचा विषय होतो.

'द लँड ऑफ हार्ट्स डिझायर'मध्ये (१८९४) हाक स्त्रीलाच आहे. घरकाम सोडून जुने पुस्तक वाचणारी नवविवाहिता मेरी सासूची बोलणी खाते. परीकन्या धर्मगुरूलाच क्रूस बाजूला ठेवावयास लावते आणि मेरीला घेऊन जाते. पतीच्या हाती उरते ते निष्प्राण शरीर. संसाराच्या कोंडीला मायेने दिलेले हे उत्तर मृत्यूहून वेगळे नाही.

जपानी नो नाटकाच्या प्रभावातून आलेल्या 'ॲट द हॉक्स वेल'मध्ये (१९१६) विहिरीची रक्षिका संवादच बोलत नाही. तिच्या नृत्याने भारलेला कुहुलिन तिच्यामागे जातो आणि नेमके तेव्हाच पाणी वाहून जाते. येथे मायाविनी व्यक्ती न राहता निव्वळ गती होते.

म्हणूनच प्रश्न उरतो : हे सामर्थ्य स्त्रीचे, की स्त्रीरूपाचे? आधीच्या दोन नाटकांत मायाविनीच्या विजयाचे मोल एखादी ऐहिक स्त्री चुकवते. मेरी प्राणांनी, मायकेलची वाग्दत्त वधू डेलिया सौभाग्याने. मात्र येट्सची संहिता हे मोल लपवीत नाही. पॅट्रिक त्या तरुणीविषयी सांगतो तेव्हा डेलिया ब्रिजेटच्या मिठीत रडत असते. राणीसारखी ती तरुणी केवळ ऐकू येते. रडणारी मुलगी डोळ्यांसमोर असते. मायाविनीच्या मोहिनीने भारावलेल्या समीक्षेने हे दुसरे दृश्य नजरेआड केले, तर नाटकाचे अर्धेच वाचन होईल.