शालेय ग्रंथालय आणि कथाप्रकारांची ओळख

शालेय ग्रंथालयात कथाप्रकारांची ओळख बहुधा व्याख्येपासून सुरू होते, आणि तेथेच ती निर्जीव होते. ड्यूई दशांश वर्गीकरणात मराठी कथा-कादंबरीचा मूळ वर्गांक ८९१.४६३. तो भाषा व वाङ्मयप्रकार सांगतो. रहस्यकथा आणि विज्ञानकथा यांत भेद करीत नाही. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' आणि जयंत नारळीकरांची 'यक्षांची देणगी' (१९७९) त्यामुळे शेजारी येऊ शकतात. मग कपाटांवर 'साहस', 'रहस्य', 'विज्ञान' अशा चिठ्ठ्या लागतात. सोय म्हणून ते ठीकच. पण फुरसुंगीच्या या पोराला कोणती चिठ्ठी लावावी? त्याच्या कथांत धाडस आणि शोध एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत.

वस्तुतः कथाप्रकार ही वाचकाच्या मनात घडत गेलेली अपेक्षा होय, आणि ती पहिल्या पुस्तकाने नव्हे, दुसऱ्याने जागी होते. फेणे वाचलेल्या मुलाला भागवतांनीच मराठीत आणलेला जूल व्हर्न द्यावा. तेथे 'हे कोणी केले?' या प्रश्नाऐवजी 'हे कसे शक्य आहे?' हा प्रश्न त्याला पुढे नेतो. हा पालट त्याला संज्ञेवाचून जाणवतो. आपली बालसाहित्यसमीक्षा मात्र बव्हंशी संस्कारमूल्यापाशीच थांबते. या अपेक्षेविषयी ग्रंथपालाला तिच्याकडून फारसे काही मिळत नाही.