मातुल घराणी

१९८४ सालच्या ३१ ऑक्टोबरच्या सकाळी दिल्लीत अकबर रोडवरील बंगल्यात एक परदेशी नट पंतप्रधानांची वाट पाहत होता. दूरचित्रवाणीसाठी त्याला त्यांची मुलाखत घ्यावयाची होती. ती झाली नाही. सफदरजंग रोडवरील निवासस्थानातून मुलाखतीसाठी निघालेल्या इंदिरा गांधींची वाटेतच हत्या झाली. दिल्लीत नोकरी केलेल्या पुष्कळांना पीटर उस्टिनोव्ह हे नाव परिचित आहे ते त्या दिवसामुळे, आणि तेही 'एक ब्रिटिश नट' एवढ्याच ओळखीने. ही ओळख खोटी नव्हे. तो १९२१ साली लंडनमध्ये जन्मला, महायुद्धात ब्रिटिश सैन्यात साधा शिपाई होता आणि १९९० साली त्याला 'सर' हा किताब मिळाला. २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये त्याचा अंत झाला. तथापि 'ब्रिटिश' ह्या शब्दात त्याचे घराणे मावत नाही, हे त्याचे 'डिअर मी' हे १९७७ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र वाचू लागताच ध्यानात येते.

ह्या पुस्तकात लेखक स्वतःशीच वाद घालतो, स्वतःलाच अडवितो. असा मनुष्य पूर्वजांची हकीगत सांगू लागला म्हणजे तिच्यात कुलाभिमानापेक्षा विनोद अधिक असावा, हे साहजिकच होय. परंतु विनोदाचा पडदा बाजूला सारून ती वंशावळ कागदावर मांडून पाहिली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. आपल्याकडे कुलवृत्तांत लिहिण्याची जी चाल आहे, तिच्यात वंश पुरुषाकडून पुरुषाकडे जातो, आणि सुनांच्या वाट्याला माहेरच्या आडनावाची एखादी ओळ येते. उस्टिनोव्हचा कुलवृत्तांत ह्या पद्धतीने लिहिला तर तो अर्ध्या पानात आटोपेल. पितामह प्लेटो हा रशियन उमराव. त्याने प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला, मायदेशास मुकला, जर्मनीतील वुर्टेम्बर्गचा नागरिक झाला आणि पॅलेस्टाइनमधील जाफा येथे स्थायिक झाला. पिता योना जाफ्यास जन्मला, पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने लढला आणि पुढे लंडनच्या जर्मन वकिलातीत वृत्तपत्राधिकारी झाला. तिसऱ्या पिढीत हा नट. रशियन, जर्मन, इंग्रज: तीन पुरुष, तीन देश, आणि वृत्तांत संपला.

आता आजीकडे वळू. प्लेटोची पत्नी मॅग्डालेना हॉल. तिचा बाप मोरित्झ हॉल हा क्राकोचा, जन्माने ज्यू. तो इथिओपियात गेला, ख्रिस्ती झाला आणि सम्राट तेवोद्रोसासाठी तोफा ओतू लागला. तिची आई कॅथरिना ही एक जर्मन चित्रकार आणि एक इथिओपियन स्त्री ह्यांची कन्या. तेवोद्रोसाने युरोपीय लोकांना अटकेत ठेविले म्हणून इंग्रजांनी त्याच्यावर जी मोहीम काढली, तिच्यासाठी फौज, खेचरे आणि हत्तीदेखील आपल्या मुंबईहून जहाजांत चढविले गेले होते. मुंबई लष्कराचा सेनापती नेपियर हाच त्या मोहिमेचा नायक. १८६८ च्या एप्रिलात मॅग्डालाचा डोंगरी किल्ला पडला. मॅग्डालेना जन्मली ती त्याच वर्षी, त्याच धामधुमीत. मुंबईच्या शिपायांनी ज्या छावणीतील बंदिवानांना मोकळे केले, तिच्याशी ह्या लंडनच्या नटाचे नाते त्याच्या आडनावावरून कोणास कसे कळावे?

आईकडची कथा निराळ्या सुराची आहे. नाद्या बेनुआ ही चित्रकर्ती. तिचा फ्रेंच पूर्वज क्रांतीच्या काळात पळून रशियात आला आणि झारच्या मुदपाकखान्यात मिठाई करू लागला. त्याचा मुलगा निकोलाय हा वास्तुशिल्पी. त्याने कामिला काव्होस हिच्याशी विवाह केला. ह्या काव्होसांचा मूळपुरुष कातेरिनो व्हेनिसचा संगीतकार. त्याने १८१५ साली इव्हान सुसानिन ह्या रशियन वीरावर संगीतिका रचली, आणि १८३६ साली ग्लिंकाने त्याच विषयावर नवी संगीतिका लिहिली तेव्हा तिच्या पहिल्या प्रयोगाचे संचालनही त्यानेच केले. स्वतःच्या कृतीला मागे टाकणाऱ्या कृतीपुढे उभे राहून वादकांना ताल देणारा हा म्हातारा मला साऱ्या वंशवृक्षात सर्वांत मोठा वाटतो. त्याचा मुलगा आल्बेर्तो ह्याने मॉस्कोचे बोल्शोई नाट्यगृह आगीनंतर नव्याने उभारले आणि पीटर्सबर्गचे मारिइन्स्की बांधले. नाद्याचा चुलता अलेक्सांद्र बेनुआ 'पेत्रुश्का' ह्या १९११ सालच्या नृत्यनाट्याचा नेपथ्यकार. तिचा बाप लिओन ह्याच्या घरी लिओनार्दो दा व्हिंचीचे एक चित्र होते. १९१४ साली ते झारच्या हर्मिटाज संग्रहालयास विकले गेले आणि आज जगभर 'बेनुआ मॅडोना' म्हणून ओळखले जाते. पण ते चित्र बेनुआंचे नव्हेच! लिओनच्या पत्नीच्या माहेराहून, सापोझ्निकोव्ह घराण्यातून, ते आले होते. नाव मात्र सासरचे लागले.

येथे समीक्षकाला एक मोह पडतो. फ्रेंच रक्तामुळे चातुर्य, इटालियन रक्तामुळे नाट्य, रशियन रक्तामुळे खिन्नता, अशी वाटणी करून अभिनयाचा उगम सापडला असे मानावयाचे. ही वाटणी सोयीची असली तरी पोकळ आहे. नाट्यगृहे बांधणारांच्या घरात नेपथ्यकार निपजावेत ह्यात रक्ताचा चमत्कार नाही. तेथे जेवताना काय बोलले जात असेल एवढेच त्याचे कारण. वारसा असतो तो व्यवसायाचा, बोलण्याचा आणि घेतलेल्या निर्णयांचा.

आणि रक्ताच्या हिशेबाचे खरे रूप ह्या घराने १९३५ साली पाहिले. आपल्या वंशात ज्यू रक्त नाही ह्याचा पुरावा योनाकडे मागण्यात आला. वास्तविक तो ज्या देशासाठी लढला होता, त्याच देशाच्या वकिलातीत तो काम करीत होता. त्याने पुरावा दिला नाही. नोकरी सोडली, ब्रिटिश नागरिकत्व घेतले आणि पुढे तो ब्रिटिश गुप्तचर खात्यासाठी काम करू लागला. ध्यानात घ्यावयाचे ते हे की वडिलांच्या बाजूने त्याचा कागद निर्दोष होता. अडचण आईच्या बापाची होती. कुलवृत्तांतांनी ज्या मातुल घराण्यांना एका ओळीत गुंडाळले, त्यांची चौकशी जुलमी सत्ता मात्र मोठ्या आस्थेने करते. मुलाने ज्या वंशवृक्षाच्या गोष्टी करून हसविले, त्याच वंशवृक्षाने बापाची भाकरी घेतली होती.

ही जाणीव उस्टिनोव्हच्या कलेत सर्वत्र सारखी उतरली आहे असे म्हणता येत नाही. त्याचे 'रोमानॉफ अँड ज्युलिएट' (१९५६) हे नाटक एका चिमुकल्या देशात घडते. तेथे सोव्हिएट आणि अमेरिकन राजदूतांची मुले परस्परांच्या प्रेमात पडतात. कल्पना रम्य आहे, परंतु पात्रे माणसे न राहता राष्ट्रांचे मुखवटे होतात. ज्याच्या घरात एकही माणूस एका राष्ट्रात मावला नाही, त्याने रंगमंचावर प्रत्येकाला एकेक राष्ट्र वाटून द्यावे ह्याचे नवल वाटते. उलट 'तोपकापी' (१९६४) ह्या चित्रपटातील आर्थर सिम्प्सन पाहावा. एरिक अँब्लरच्या मूळ कादंबरीत हा इंग्रज बाप आणि इजिप्शियन आई ह्यांचा मुलगा. पारपत्राचा धड आधार नाही, म्हणून प्रत्येक अधिकाऱ्यापुढे लाचार. उस्टिनोव्हने तो घामाघूम, लबाड, भेदरलेला असा उभा केला आहे की हसता हसता आपल्याला ओशाळल्यासारखे होते. ह्या भूमिकेसाठी त्याला दुसरे ऑस्कर पारितोषिक मिळाले. नाटकात त्याने वंशभेदाची गंमत लिहिली. येथे कागद मागणाऱ्या हातासमोर उभ्या असलेल्या माणसाचे भय दाखविले. माझ्या मते हीच त्याची श्रेष्ठ भूमिका. आणि त्याच्या आत्मचरित्रात उणीव असेल तर हीच की त्यात गंमत फार आहे, भय थोडे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुलवृत्तांताचा जाड ग्रंथ असतो, आणि दर बदलीच्या गावी तो सामानाबरोबर जातो. दरम्यान लखनौस वाढलेला मुलगा बंगाली सून आणतो, कलकत्त्यास वाढलेली मुलगी तमिळ घरी जाते. ग्रंथाच्या पुढील आवृत्तीसाठी माहितीचे छापील पत्रक येईल तेव्हा सुनेच्या माहेरापुढे सोडलेली एक ओळ पुरणार नाही. त्या वेळी वेगळा कागद जोडावा आणि तिच्या आजीचे नाव, गाव, जमल्यास तिचा व्यवसायही सविस्तर लिहावा.