पडद्यावरची मोटार किती खरी?

मोटार-शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये विज्ञान शिक्षकाने लक्ष घालावे असे काही असेल, हे आपल्यापैकी पुष्कळांना पटणार नाही. हे खेळ म्हणजे अभ्यासाचे शत्रू, एवढेच आपले त्यांच्याविषयीचे मत असते. परंतु आठवी-नववीतली मुले या खेळांवरून आपसात जो वाद घालतात तो नीट ऐकला, तर त्यात एक चांगला वैज्ञानिक प्रश्न दडलेला आढळतो. एक गट म्हणतो, ‘ज्यात मोटार खऱ्यासारखी चालते तोच खरा खेळ.’ दुसरा म्हणतो, ‘खऱ्यासारखीच चालवायची तर खेळायचे कशाला? मजा आली की झाले.’ हा वाद काही जालना किंवा अंबडपुरता नाही. जगभरचे खेळाडू आणि समीक्षक तो वर्षानुवर्षे घालत आले आहेत.

आमच्या मते या वादात प्रश्नच जरा चुकीचा मांडला जातो. खेळ खरा की खोटा, असे न विचारता, त्यात निसर्गाचा कोणता नियम राखला आहे, कोणता वगळला आहे, आणि वगळल्याचे खेळणाऱ्याला कळते का, असे विचारले पाहिजे. या कसोटीवर काही प्रसिद्ध खेळ घासून पाहू.

दोन घराणी

पहिले घराणे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांचे. ‘आर्केड’ हा शब्द त्यावरूनच रूढ झाला. नाम्को कंपनीचा ‘पोल पोझिशन’ १९८२ साली आला. जपानमधील फुजी येथील शर्यतीचा मार्ग त्यात दाखवला होता. १९८६ मध्ये सेगा कंपनीसाठी यू सुझुकी यांनी ‘आउट रन’ तयार केला. त्यात स्पर्धा असते ती घड्याळाशी. मोटार आदळली तर कोलांट्या खाते, आत बसलेली जोडी बाहेर फेकली जाते, आणि क्षणभरात दोघे पुन्हा जागेवर बसून निघतात! आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या स्वस्त संचांतून घरोघर पोचला तो कोनामीचा ‘रोड फायटर’. त्यातील मोटार ताशी ४०० किलोमीटरपर्यंत पळते. नाम्कोचा ‘रिज रेसर’ १९९३ मध्ये यंत्रावर आणि १९९४ मध्ये प्लेस्टेशन या संचावर आला.

दुसरे घराणे अनुकरणाचे. काझुनोरी यामाउची यांनी तयार केलेला ‘ग्रान तुरिस्मो’ डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये निघाला. खऱ्या वाहनचालनाचे अनुकरण, असा दावा त्याच्या नावाखालीच छापलेला होता. मोठ्या शर्यतींत उतरण्याआधी खेळाडूला परवान्याच्या परीक्षा द्याव्या लागत. त्यांतल्या अगदी सुरुवातीच्या परीक्षा म्हणजे ठरावीक अंतर वेगाने जाऊन आखलेल्या पट्ट्यात गाडी थांबवणे. वेग वाढवणे सोपे, थांबणे अवघड, हा धडा शर्यतीच्या खेळाने सर्वांत आधी द्यावा, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

वळणावर काय घडते?

मोटार वळते ती केवळ चाक फिरवल्यामुळे नव्हे. तिला वर्तुळाकार मार्गावर ठेवणारे अभिकेंद्री बल सपाट रस्त्यावर टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातूनच मिळते, आणि घर्षणाला मर्यादा असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला, तर १०० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ताशी सुमारे ९४ किलोमीटर ही कमाल मर्यादा येते. पावसाने घर्षणांक ०.४ झाला की तीच मर्यादा ७१ वर येते. या गणितात वस्तुमान येत नाही, हे विद्यार्थ्यांच्या अवश्य लक्षात आणून द्यावे. ‘गाडी जड आहे, रस्ता धरून राहील’ हा समज येथे कोसळतो.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ब्रेक लावण्यासाठी लागणारे बल आणि वळण्यासाठी लागणारे बल ही दोन्ही घर्षणाच्या एकाच शिलकीतून खर्च होतात. ही बले एकमेकांशी काटकोनात असल्याने हिशेब पायथागोरसचा. शिलकीतले ८० टक्के ब्रेकवर खर्च केले, तर वळण्यासाठी २० नव्हे, ६० टक्के उरतात. पण पूर्ण १०० टक्के ब्रेकवर गेले, तर वळण्यासाठी काहीच उरत नाही. चाके पूर्ण अडकून घसरू लागली की गाडी सरळ जाते, ती यामुळेच.

‘रिज रेसर’मध्ये हा हिशेब जवळजवळ गुंडाळून ठेवला आहे. वळणापाशी क्षणभर वेग सोडायचा, चाक फिरवायचे, पुन्हा वेग द्यायचा. मोटार आडवी होऊन घसरत सुरेख वळते आणि वेग फारसा कमी होत नाही. खऱ्या रस्त्यावर अशा घसरण्यात गतिज ऊर्जा टायरच्या उष्णतेत जाते. ‘ग्रान तुरिस्मो’मध्ये मात्र वळणाआधी सरळ रेषेत ब्रेक लावावा लागतो, मग वळावे लागते, मग हळूहळू वेग द्यावा लागतो. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबणाऱ्याची गाडी बाहेर जाते. म्हणजे घर्षणाची शिल्लक येथे बऱ्याच अंशी पाळली आहे.

उघड खोटे आणि झाकलेले खोटे

एवढ्यावरून अनुकरणाच्या घराण्याला पहिला क्रमांक देऊन मोकळे व्हावे असे वाटेल. आमचे मत तसे नाही.

आर्केड घराण्याचा खोटेपणा उघड असतो. ‘आउट रन’मधली जोडी कोलांट्या खाऊन पुन्हा गाडीत बसते, हे पाहून कोणतेही मूल फसत नाही. ‘रोड रॅश’ या १९९१ च्या खेळात मोटारसायकलवरून पडलेला स्वार उठून गाडीकडे धावत येतो, तेव्हा मुले हसतात. गोष्टीत कोल्हा बोलतो म्हणून आपण इसापला प्राणिशास्त्र शिकवायला जात नाही; तसेच हे आहे. असे खेळ मानवी मनाचाही चांगला विचार करतात. बऱ्याच खेळांत पुढे गेलेल्याला संगणकाच्या गाड्या झटपट गाठतात, तर मागे पडलेल्यासाठी त्या सावकाश जातात; जणू सर्वांना एकाच रबराने बांधले आहे. १९९२ च्या ‘सुपर मारिओ कार्ट’मध्ये मागे असलेल्याला अधिक प्रभावी साधने मिळतात. हा शर्यतीच्या न्यायाचा भंग खरा. पण पाच वर्षांची बहीण आणि पंधरा वर्षांचा भाऊ त्यामुळेच एकत्र खेळू शकतात.

अनुकरणाचा खोटेपणा मात्र झाकलेला असतो. पहिल्या ‘ग्रान तुरिस्मो’त टायरचा हिशेब बारकाईने केला, पण टकरीचा हिशेब टाळला. गाडी भिंतीवर कितीही आदळली तरी तिला पोचा येत नसे. परिणाम असा झाला की काही वळणांवर ब्रेक न लावता भिंतीला गाडी घासत नेणे हाच वेगवान मार्ग ठरू लागला! ज्या खेळाने ब्रेकचे महत्त्व शिकवले, त्यातच भिंत हा फुकटचा ब्रेक झाला. मोडतोड या मालिकेतील पाचव्या खेळात, २०१० मध्ये, दाखवण्यात आली. चित्र जसे अधिक हुबेहूब होत जाते, तसा ‘हे सगळेच खरे असणार’ हा विश्वास वाढतो, आणि नेमके काय वगळले आहे ते दिसेनासे होते. आमचा आक्षेप आहे तो येथे.

वगळण्याला आमची हरकत नाही. भौतिकशास्त्रात आपणही घर्षणरहित पृष्ठभाग, वस्तुमान नसलेली दोरी, बिंदुवत गोळा मानतोच. वगळल्याशिवाय प्रारूप होत नाही. पण आपण ते फळ्यावर लिहून सांगतो.

अनुकरणातून शिकता येते का?

येते, आणि त्याचा पुरावाही आहे. ‘ग्रान तुरिस्मो’तील निष्णात खेळाडू निवडून त्यांना खऱ्या शर्यतीचे चालक बनवण्याचा उपक्रम निसान कंपनीने २००८ मध्ये सुरू केला. २०११ मध्ये निवडला गेलेला ब्रिटिश तरुण यान मार्डनबरो पुढे व्यावसायिक चालक झाला. त्याच्यावर २०२३ मध्ये चित्रपटही निघाला. म्हणजे ब्रेक कोठे लावावा, वळणाची रेषा कशी धरावी, हे पडद्यावर शिकता येते. पण त्यानंतर या तरुणांना खऱ्या गाडीत बसवून प्रशिक्षण द्यावे लागले, हेही विसरू नये. पडद्यासमोर बसलेल्याच्या शरीराला त्वरण जाणवत नाही, मानेवर ताण येत नाही, भीती वाटत नाही. मार्च २०१५ मध्ये जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग येथे शर्यतीत मार्डनबरोची मोटार एका चढावर हवेत उचलली गेली आणि कुंपणापलीकडे पडली; एक प्रेक्षक मृत्युमुखी पडला. खेळात कुंपणापलीकडे असते ते रंगवलेले चित्र. खऱ्या मार्गावर तेथे माणसे असतात.

आपल्या रस्त्यावरचे गणित

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. समृद्धी महामार्ग जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ ला संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. सरळ, रुंद, दुभाजक असलेला हा रस्ता खेळातल्या रस्त्यासारखा दिसतो खरा. परंतु १ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ, याच मार्गावर एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले.

दुचाकींना या मार्गावर प्रवेश नाही. आपले विद्यार्थी वाहन चालवतात ते अंबड, घनसावंगी, परतूर, भोकरदनच्या रस्त्यांवर. आणि गिअरच्या मोटारसायकलला अठरा वर्षे पूर्ण लागतात हा कायदा असूनही दहावीतली मुले ती चालवताना दिसतात. उसाच्या हंगामात याच रस्त्यांवर रात्री ट्रॉल्या उभ्या असतात. पुष्कळदा मागे दिवा नसतो. अशी ट्रॉली दिव्याच्या उजेडात ४५ मीटरवर दिसली असे धरू. चालकाला सावध होण्यास एक सेकंद लागतो, घर्षणांक ०.७.

ताशी ६० किलोमीटर वेग असेल तर त्या सेकंदात गाडी १७ मीटर जाते, ब्रेक लागल्यावर आणखी २०. एकूण ३७ मीटर. मुलगा वाचतो. वेग ताशी ८० असेल तर २२ अधिक ३६, म्हणजे ५८ मीटर. तो थांबू शकत नाही. पण गंमत नव्हे, भीषण गोष्ट पुढे आहे. ट्रॉलीपाशी पोचताना त्याचा वेग किती उरलेला असतो? ताशी सुमारे ४८ किलोमीटर. वेग २० ने वाढवला, आणि शून्याच्या जागी ४८ आले. कारण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आमच्या माहितीतल्या कोणत्याही शर्यतीच्या खेळात वळणापलीकडे अंधारात बिनदिव्याची ट्रॉली उभी नसते. शर्यतीचा मार्ग आधी पाठ करता येतो. परतूरचा रस्ता रोज वेगळा असतो.

२०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदवले गेले. या मृत्यूंना व्हिडिओ गेम जबाबदार आहेत, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. वेगाचे गणित अंगवळणी पाडण्याची एक संधी त्यांच्यात आहे आणि ती आपण वाया घालवतो, एवढेच म्हणणे आहे.

वर्गात करून पाहण्याजोगे

नववीत ‘गतीचे नियम’ शिकवताना विद्यार्थ्यांना पुढील प्रयोग सांगावा. खेळ कन्सोलवरचा असो वा मोबाइलवरचा, त्यात सरळ रस्त्यावर ताशी ६० आणि मग १२० वेग घेऊन पूर्ण ब्रेक लावावा आणि थांबायला लागणारा वेळ घड्याळाने मोजावा. मंदन स्थिर असेल तर दुसरा वेळ पहिल्याच्या दुप्पट येईल. सरासरी वेग सुरुवातीच्या वेगाच्या निम्मा धरून अंतर काढावे. ते चौपट आले तर खेळाने नियम राखला आहे. दोन्ही वेळा सारख्याच आल्या तर नियम वगळला आहे. नंतर पूर्ण ब्रेक दाबलेला असताना गाडी वळते का, ते पाहावे. शेवटी प्रत्येकाने आपल्या आवडत्या खेळात काय काय नाही याची यादी करावी: पादचारी, गुरे, चिखल, समोरून येणारा ट्रक, जखम, घरची माणसे.

ज्याला मजा हवी त्याने आर्केड खुशाल खेळावा. त्याच्या उघड थापांनी कोणाचे नुकसान होत नाही. अनुकरणाचा खेळ हा त्याहून चांगला शिक्षक आहे, मात्र त्याचा अभ्यासक्रम अपुरा आहे. त्यातला राहिलेला भाग शिकवणे हे आपले काम आहे, आणि विद्यार्थ्याच्या हाती मोटारसायकलची किल्ली पडण्याआधीच ते व्हायला हवे.