वासाची परीक्षा

समावेशक शिक्षणाच्या एका कार्यशाळेत आम्ही तीन दिवस बसलो. २०१६च्या कायद्यातले दिव्यांगत्वाचे २१ प्रकार उतरवून घेतले. पण दृष्टिहीन विद्यार्थ्याने लिटमसची परीक्षा कशी करावी? ‘शेजारच्याने रंग सांगावा’, एवढेच उत्तर मिळाले. म्हणजे निरीक्षण दुसऱ्याचे, याच्या वहीत नुसता निष्कर्ष! वास्तविक एनसीईआरटीच्या २००६ सालच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात वासाचा दर्शक दिला आहे. बारीक चिरलेल्या कांद्याबरोबर कापडाच्या पट्ट्या झाकणबंद डब्यात रात्रभर ठेवायच्या. एकीवर विरल आम्ल, दुसरीवर विरल आम्लारी टाकून पाण्याने धुवायच्या. आम्लारीच्या पट्टीचा वास जातो. (सर्दी झालेल्या डोळस मुलाची मात्र पंचाईत!) हा प्रयोग तिथे सहज करता आला असता. कार्यशाळेत कांदा आला, तो फक्त जेवणाच्या ताटात.