गिटार, वायर, ॲम्प

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांत एक वाक्य फार आदराने उच्चारलं जातं : "तो थेट ॲम्पमध्ये वाजवतो." म्हणजे गिटारमधून निघालेली वायर वाटेत एकाही पेडलला न भेटता ॲम्प्लिफायरमध्ये जाते. पायाशी रंगीत डबे नाहीत, लुकलुकणारे दिवे नाहीत. अशा वादकाला मग 'शुद्ध', 'प्रामाणिक', 'अस्सल' ही विशेषणं आपसूक चिकटतात आणि पेडल वापरणारा थोडा लबाड ठरतो. ही विशेषणं एकदा तपासायला हवीत. सोनईसारख्या गावात पहिली गिटार घेणाऱ्या मुलाला ती उगाच कमीपणा देतात. आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जे खरोखर थेट ॲम्पमध्ये वाजवत आले, त्यांच्या वाट्याला यातलं एकही विशेषण येत नाही.

आधी थेट वाजवण्याची बाजू, कारण ती भक्कम आहे. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हच्या ॲम्पला जितका सिग्नल द्यावा तितका तो चढत जातो, आणि एका मर्यादेपलीकडे आवाज मोठा होण्याऐवजी फाटू लागतो. हे फाटणं हळूहळू येतं. तार हलक्या हाताने छेडली तर स्वर स्वच्छ, जोरात मारली तर खरखरीत. गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण दहावरून सहावर आणलं की तोच ॲम्प पुन्हा निवळतो. म्हणजे दोन-तीन पेडलांचं काम उजव्या हाताचा जोर आणि करंगळीजवळचं एक बटण मिळून करतात. रॉय ब्युकॅनन हा अमेरिकन वादक याचा वस्तुपाठ आहे. तार छेडल्यावर तो करंगळीने व्हॉल्यूम वर नेई, त्यामुळे आघात ऐकूच येत नसे आणि स्वर सारंगीसारखा शून्यातून उमले. टोनचं बटण फिरवून तो वाह-वाह पेडलसारखा आवाज काढी.

दुसरं उदाहरण विल्को जॉन्सनचं. १९७०च्या दशकात डॉक्टर फीलगुड या इंग्रजी बँडमध्ये तो टेलिकास्टर गिटार वाजवायचा, तीही प्लेक्ट्रमशिवाय, नुसत्या बोटांनी. त्याचा एचएच कंपनीचा ॲम्प व्हॉल्व्हचा नव्हता, ट्रान्झिस्टरचा होता. व्हॉल्व्हची ऊब नाही, गोडवा नाही, आवाज कोरडा आणि धारदार. तरी त्याचं वादन अंगावर येतं, कारण दोन आघातांमधली जागा तो करकचून बंद करतो. हलगी वाजवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही : थाप जितकी महत्त्वाची तितकंच थापेनंतर कातड्यावर ठेवलेलं बोट. पेडलच्या लांबट प्रतिध्वनीत ही जागा बुजून गेली असती. आपल्याकडे गाणारा 'आवाज कमावतो' असं म्हणतात. थेट वाजवण्यातलं आकर्षण तेच आहे. बाजारातून आणलेला आवाज आणि हाताने कमावलेला आवाज यांत फरक आहे आणि तो ऐकू येतो.

अडचण सुरू होते ती 'मध्ये काहीच नाही' या दाव्यापाशी. सोनईहून काही किलोमीटरवरच्या शनिशिंगणापुरातल्या घरांना दारं नाहीत अशी ख्याती आहे. पण दार नाही म्हणून भिंती नाहीत असं कुणी म्हणत नाही. ॲम्पचंही तसंच आहे. सिग्नल मोठा करून जसाच्या तसा बाहेर सोडणारी ती पारदर्शक खिडकी नव्हे. गिटारच्या ॲम्पमधला बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर आवाज झपाट्याने कमी करतो. डिस्टॉर्शनमधली कर्कश किरकिर त्यात गाळली जाते. फेंडरच्या १९६०च्या दशकातल्या नावाजलेल्या ॲम्पमध्ये तर स्प्रिंगवर चालणारा रिव्हर्ब आतच बसवलेला असे. तो डबा पायाशी असला की इफेक्ट आणि लाकडी पेटीत असला की शुद्धता, हा न्याय अजब आहे.

इतिहासही शुद्धतेच्या बाजूने साक्ष देत नाही. १९५८ मध्ये लिंक रेने 'रंबल'साठी ॲम्पच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. १९६४ मध्ये द किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने छोट्या ॲम्पच्या स्पीकरचा कागदी कोन ब्लेडने चिरला. दोघांकडेही पेडल नव्हतं, पण बिघडलेला आवाज दोघांनाही हवा होता आणि हाताशी होतं त्यातून त्यांनी तो मिळवला. एसी/डीसीचा अँगस यंग हा तर थेट ॲम्पवाल्यांचं दैवतच. एसजी गिटार, मार्शल ॲम्प, बस. पण १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून तो शॅफर-व्हेगा नावाची वायरलेस यंत्रणा वापरत होता, 'बॅक इन ब्लॅक'च्या ध्वनिमुद्रणातही. ती सिग्नल दाबून-ढकलून पुढे पाठवायची आणि मार्शलला जास्त तापवायची. जो आवाज जगभरची मुलं 'पेडलशिवायचा' म्हणून शोधतात, त्यात एक न दिसणारं पेडल होतंच. त्यामुळे अँगसचं वादन खोटं ठरत नाही, पण त्याच्या नावावर उभी केलेली नीती मात्र डळमळते.

आता सोनईत या. उसाचं गाव, मुळा कारखान्याचं गाव. इथल्या मुलाने गिटार घेतली आणि कार्यक्रमात वाजवायची ठरवली तर त्याच्यासमोर गिटारचा ॲम्प असण्याची शक्यता कमी. असतो तो साउंड सर्व्हिसवाल्याचा मिक्सर, आहुजाचा ॲम्प्लिफायर आणि माणसाचं भाषण लांबवर पोचवण्यासाठी बनवलेले स्पीकर. गुरूचा उपदेश मानून त्याने वायर थेट तिथे खुपसली तर काय होतं? गिटारच्या पिकअपला साधारण दहा लाख ओहमचं इनपुट लागतं. मिक्सरच्या लाइन इनपुटला ते दहा हजारांच्या आसपास असतं. पिकअपवर त्याचा भार पडतो, वरचे सूर गिळले जातात आणि तारेवर घोंगडी टाकल्यासारखा मलूल आवाज येतो. त्याला डिस्टॉर्शन हवं असेल तर उलटा त्रास. मोठा स्पीकर वरची सगळी किरकिर न गाळता बाहेर फेकतो आणि मधमाश्यांचं मोहोळ उठतं.

अशा वेळी त्या मुलाने मल्टी-इफेक्ट पेडल घेतलं तर तो फसवणूक करत नसतो. त्या डब्यातला सर्वांत महत्त्वाचा इफेक्ट असतो तो ॲम्पचीच नक्कल : इनपुट योग्य, व्हॉल्व्हसारखा चढ, स्पीकरसारखी गाळणी. मोबाइलमधलं ॲप हेच करतं. शुद्धतेचं तत्त्वज्ञान जिथे जन्मलं तिथे खोलीच्या कोपऱ्यात व्हॉल्व्हचा ॲम्प असतो आणि तो फाटेपर्यंत मोठा करायला जागाही असते. शंभर वॅटचा मार्शल दहावर नेणं चाळीत किंवा वाड्यात शक्य नाही, आणि रात्री दहानंतर कायद्यालाही मंजूर नाही. पेडलला नाकं मुरडण्यात पुष्कळदा ऐपतीचा दिमाख असतो. 'साधेपणा' म्हणून तो खपवला जातो, एवढंच.

मग थेट ॲम्पमध्ये वाजवण्याची आपली परंपरा कुठली? ती रस्त्यावर आहे. बेंजो पार्टी. या वाद्याचं मूळ जपानी. १९१२ मध्ये नागोया शहरात तयार झालेलं ताइशोगोतो आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झालं, कव्वालीत बसलं, आणि मुंबई-कोकणापासून पुढे वरातीत, गणपतीत, जयंतीच्या मिरवणुकीत बेंजो म्हणून दणाणलं. पोलादी तारा, टाइपरायटरसारख्या कळा, तारांखाली पिकअप. लोहचुंबक आणि तांब्याची गुंडाळी हे तत्त्व फेंडरच्या गिटारमधलंच. तिथून वायर ॲम्प्लिफायरला आणि आवाज भोंग्यातून बाहेर. काही पार्ट्या मिक्सरवर एको चढवतात, पण मुळातली रचना गिटार-वायर-ॲम्प हीच आहे.

गिटारला मारक ठरणारा भोंगा बेंजोला मानवतो. भोंगा खर्ज जवळजवळ सोडून देतो आणि मधला पट्टा टोकदार करून फेकतो. उघड्या रस्त्यावर, ताशाच्या कडकडाटातून स्वर वर काढायला नेमकं तेच लागतं. बेंजोत कळ दाबून स्वर मिळतो, त्यामुळे गिटारसारखी तार ओढून मींड घेणं अवघड. गाण्यातला लांब सूर टिकवायचा कसा? वादक पट्टीने तारेवर अखंड बारीक आघात करतो आणि ताणलेला ॲम्प ते आघात एकमेकांत मिसळून टाकतो. दुरून ऐकलं तर सूर सलग वाटतो, जवळून ऐकलं तर त्यात मुंग्या चालताना जाणवतात. वाद्याची उणीव आणि ॲम्पचा दोष यांतून शैली घडवणं म्हणजे काय, ते इथे ऐकावं. लिंक रेच्या पेन्सिलीला आपण क्रांती म्हणतो, या आघाताला मात्र 'गोंगाट' म्हणून खिडकी लावून घेतो.

रवी जाधव यांच्या 'बँजो' (२०१६) या हिंदी चित्रपटाने या वादकांना पडद्याच्या मध्यभागी आणलं, याचं मोल आहेच. पण कथेची गरज बघा. मुंबईच्या वस्तीतल्या वादकाची किंमत कळायला न्यूयॉर्कहून एक तरुणी यावी लागते. चित्रपटाला वादकाच्या प्रतिष्ठेची चिंता आहे, त्याच्या आवाजाचं कुतूहल कमी. हात कसा चालतो, पिकअप कुठे बसवतात, भोंगा का लागतो, हे त्यात फारसं येत नाही. प्रतिष्ठा बाहेरून आणून देता येते असं मानलं की ऐकायचं राहून जातं.

बेंजोचं कौतुक करताना त्याचा दोषही सांगायला हवा, नाहीतर ती समीक्षा न होता सत्कार होईल. थेट वाजवण्याचं सर्वांत मोठं देणं म्हणजे लहान-मोठा आवाज, आणि मिरवणुकीतल्या बेंजोने नेमकं तेच गमावलं आहे. डीजेच्या भिंतीशी टक्कर घेताना सगळं सतत कमाल आवाजात वाजतं. हलका आघात उरतच नाही, कारण तो ऐकू जाणार नाही. ब्युकॅननच्या करंगळीला जी मुभा होती ती इथे नाही. पण हा वादकाच्या आळसाचा परिणाम नव्हे. सुपारी देणाऱ्याला आवाज हवा असतो आणि पैसे त्याचेच मोजले जातात.

म्हणून 'पेडल आहे की नाही' हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. विचारायचं ते हे : हात बदलला की आवाज बदलतो का? पेडल असूनही तो बदलू शकतो. फझ फेससारखं जुनं पेडल गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की निवळतं, हेंड्रिक्सने ते पुरेपूर वापरलं. उलट पेडल नसतानाही सगळं एकाच पातळीवर ठोकता येतंच. फोनच्या इवल्या स्पीकरवर हा फरक बहुतेक मरतो, तेव्हा निदान इअरफोन लावा. गिटार तुमच्याकडे असेल तर पेडल असो वा ॲप, एकच आवाज निवडा, गिटारचा व्हॉल्यूम पाचवर ठेवा आणि आठवडाभर बाकी कशाला हात लावू नका. आणि पुढची वरात दारावरून जाईल तेव्हा गाणं कुठलं आहे ते ओळखून थांबू नका. दोन मिनिटं गाडीच्या जवळ उभं राहून बेंजोवाल्याच्या उजव्या मनगटाकडे बघा.