वंशावळीतून गाळलेली नावे

आगमनकाळ सुरू झाला की आपल्या नियतकालिकांच्या नाताळ अंकांत एका विशिष्ट प्रकारचे लेखन हमखास येते. त्याला आम्ही सोयीसाठी ‘घरची आठवण’ म्हणू. आजीने परातीत मळलेले कलकलांचे पीठ, बांबूच्या कामट्यांची चांदणी, कंदिलाच्या उजेडात बांधावरून मध्यरात्रीच्या मिस्सेला निघालेले घर, परत आल्यावर आजोबांच्या पाया पडणे. आणि शेवटी त्या सर्वांवरून प्रभूच्या जन्माविषयी चार ओळींचे चिंतन. हा प्रकार आम्हांस मनापासून प्रिय आहे. वसईपासून अहमदनगरपर्यंतच्या मराठी ख्रिस्ती घरांचा मोठा सांस्कृतिक ऐवज याच लेखांत टिकून राहिला आहे. नेवऱ्यांच्या सारणात काय घालीत आणि गोठ्यासाठी शेवाळ कोठून आणीत, हे उद्याच्या अभ्यासकाला अन्यत्र कोठे मिळणार?

तथापि एका अंकातील असे पाच-सहा लेख सलग वाचले की एक अस्वस्थता मनात घर करते. या घरांत कोणी कधी भांडत नाही. आजी नेहमीच प्रेमळ, वडील कष्टाळू, आई सोशीक. वाडीच्या वाटणीवरून बोलणे टाकलेले दोन सख्खे भाऊ, जमातीबाहेर लग्न केले म्हणून नाताळाला जिला बोलावणे गेले नाही ती आत्या, पिण्यापायी संसार उधळलेला मामा, यांपैकी कोणीही या लेखांच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवीत नाही. मग शेवटचे चिंतन पार्सलावर डकवलेल्या तिकिटासारखे वरून चिकटवलेले वाटते. ज्या घरात काही बिघडलेच नव्हते, त्या घरी तारणारा कशासाठी यावा, हा प्रश्न लेखकाला पडत नाही. वाचकाला मात्र पडतो.

असल्या लेखनाला साहित्याचे निकष लावावेत की भक्तीचे, असा वाद होऊ शकेल. आम्ही तिसराच निकष सुचवितो आणि तो नाताळच्या उपासनेतच आहे. मत्तयचे शुभवर्तमान एका कौटुंबिक वृत्तान्ताने सुरू होते. अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट. ही वंशावळ १७ डिसेंबरला वाचली जाते आणि नाताळच्या पूर्वसंध्येच्या मिस्सेतही तिला स्थान आहे. मात्र त्या संध्याकाळी वंशावळ वगळून केवळ अठराव्या वचनापासून पुढे वाचण्याची मुभा आहे, आणि अनेकदा तीच घेतली जाते. उच्चारायला कठीण अशी नावे, थंडीची वेळ, कडेवर पेंगुळलेली मुले; कारणे समजण्यासारखी आहेत. पण आपल्या घरगुती आठवणींतही आपण नेमकी हीच मुभा घेत असतो, असे आम्हांस वाटते.

त्या यादीत मत्तयने मरियेखेरीज चार स्त्रियांचा उल्लेख केला आहे. सारा नाही, रिबका नाही, राहेल नाही. कोणत्याही कुळाने अभिमानाने मिरवावी अशी एकही नाही. तामारला सासऱ्याने दिलेला शब्द पाळला नाही, म्हणून तिने वेशीवर वेषांतर करून त्याच सासऱ्यापासून पुत्र मिळविला. राहाब यरीहोची गणिका. रूथ परकी, मवाबी. चौथीच्या बाबतीत तर मत्तयाच्या लेखणीचे खरे सामर्थ्य दिसते. दावीद राजाचे नाव म्हणजे या घराण्याचा मानाचा तुरा. नेमक्या त्याच ठिकाणी मत्तय बथशेबाचे नाव घेत नाही. ‘उरियाची बायको’ म्हणतो. दावीदने ज्याला लढाईच्या तोंडी देऊन मारविले, त्या नवऱ्याचे नाव राजाच्या नावाशेजारी कायमचे बसविले आहे. वर्णन नाही, निषेध नाही, विशेषण नाही. केवळ एक नाव.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. घरातील मळकी वस्त्रे चव्हाट्यावर वाळत घालावीत, असे आमचे म्हणणे नाही. अलीकडे आत्मकथनांत आप्तांचा हिशेब चुकता करण्याची जी हौस दिसते, तीही आम्हांस तितकीच अप्रिय आहे. मत्तय गौप्यस्फोट करीत नाही, तो फक्त कोणाला गाळत नाही. ‘आमोरिस लेतीत्सिया’ या २०१६ च्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनीही, बायबलमध्ये पहिल्या पानापासून कुटुंबांच्या प्रेमाबरोबर त्यांची संकटेही भरलेली आहेत, हे ध्यानात आणून दिले होते.

हे मराठीत जमू शकते याचे प्रमाण आपल्याजवळच आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही काही नाताळची आठवण नव्हे, आणि लक्ष्मीबाई कॅथलिकही नव्हत्या. पण वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक त्या सांगतात, त्यात घरादाराचे झालेले हाल सांगतात, आणि तरीही वडिलांविषयीचा जिव्हाळा तसूभर कमी होत नाही. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर पतिपत्नींत पडलेले अंतरही त्या लपवीत नाहीत. वाचक हसता हसता अंतर्मुख होतो. चिंतनाचा वेगळा परिच्छेद त्यांना लिहावा लागत नाही.

नाताळविषयीच म्हणावे, तर अमेरिकन लेखक ट्रुमन कपोटी यांची १९५६ साली प्रसिद्ध झालेली ‘अ ख्रिसमस मेमरी’ ही कथा पाहावी. कपोटी यांचे बालपण आलाबामा राज्यात नातलगांच्या घरी गेले. कथेचा आधार तेच दिवस. सात वर्षांचा मुलगा आणि साठी उलटलेली, घरात कोणीच गांभीर्याने न घेतलेली एक दूरची नातलग स्त्री मिळून एकतीस केक भाजतात आणि ते बहुतांशी अनोळखी माणसांना पाठवितात. केकसाठी आणलेल्या व्हिस्कीतले उरलेले दोन घोट दोघेही पितात. घरची माणसे तिच्यावर तुटून पडतात आणि ती रात्रभर रडते. आपल्या लेखकांनी हा प्रसंग नक्कीच कापला असता. पण तो आहे, म्हणूनच कथेच्या अखेरीस पतंग उडविताना तिला जे उमगते ते खरे वाटते: मरताना देव दिसेल असे आपण समजत होतो, पण जे रोज डोळ्यांसमोर होते त्यातच तो दिसत आला आहे. हे सुचते ते घराने वेडगळ ठरविलेल्या बाईला. त्या घरातील शहाण्यांच्या तोंडी हेच वाक्य प्रवचन झाले असते.

दुसऱ्यांना हे सुनावण्याचा अधिकार आम्हांस आहे काय? पुष्कळ वर्षांपूर्वी एका नाताळ अंकात आम्हीही आमच्या घरच्या गोठ्याची आठवण लिहिली होती. पेंढ्याचे छप्पर, मातीची मेंढरे, आरशाच्या तुकड्याचे तळे. तो गोठा दरवर्षी आमचे मोठे काका करीत असत. लेख लिहिला त्या वेळी वाटणीच्या दाव्यामुळे त्यांचे घर आणि आमचे घर यांच्यात जाणे-येणे नव्हते. आईने म्हटले, ‘त्यांचं नाव कशाला, उगाच विषय निघेल.’ आम्ही तो गोठा आजोबांच्या हातून करविला. लेखाचे कौतुक झाले. एका वाचकाने तर मातीच्या मेंढरांविषयी खास पत्र पाठविले. ती मेंढरेही काकांनीच वळलेली होती.

त्यानंतर एका मयताला काका भेटले. अंक त्यांच्या वाचनात आला होता. ते रागावले नाहीत. दफन आटोपून माणसे पांगू लागली, तेव्हा जवळ येऊन त्यांनी एवढेच विचारले, ‘गोठा बाबांनी केला होता का रे?’ आम्ही काही उत्तर दिले नाही. पुढे दावा मिटला, जाणे-येणेही सुरू झाले. त्या लेखाचा विषय मात्र दोन्ही घरांत कोणी काढला नाही. आता काका हयात नाहीत.

गेल्या वर्षी तोच लेख एका संग्रहात पुन्हा छापण्याविषयी विचारणा झाली. आम्ही तो परत मागविला, ‘आजोबा’ हा शब्द जेथे जेथे होता तेथे तेथे तो खोडला आणि काकांचे नाव घातले. वाटणीचा उल्लेख केला नाही. चिंतनाचा शेवटचा परिच्छेद तेवढा काढून टाकला.